कातडीची गाठ आणि 'अ' जीवनसत्त्व

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला एक तरी माहितीपर भाषण ठेवावयाचे, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. आणि भाषणानंतर लगेच अल्पोपाहार असल्यामुळे वक्त्याला नेहमीच थोडी घाई करावी लागते, ही दुसरी प्रथा. यंदा ती पाळी मजवर आली आहे. कार्यवाहबाईंनी सुचविले होते की, "जीवनसत्त्वांवर बोला, सर्वांना उपयोगी पडेल." मी हो म्हटले. पण अ, ब, क, ड असे एकेकाचे गुण सांगत बसले तर तो शाळेतला धडा होईल, आणि तो आपल्या नातवंडांकडून आपण रोज ऐकतोच. म्हणून मी एकच जीवनसत्त्व घेतले आहे, 'अ'; आणि त्याचीही एकच हकीकत सांगणार आहे. या 'अ' जीवनसत्त्वाचा रेणू रसायनशास्त्रज्ञांनी आपल्या हाताने बदलून, कातडीवरच्या कर्करोगाच्या गाठी टाळणारे औषध घडवू पाहिले. ते त्यांना कितपत साधले, ती ही हकीकत.

विषय निवडायला एक कारणही घडले. हळदीकुंकवाच्या दिवशी आपल्यातल्या एका वहिनींनी पर्समधून दोन वस्तू काढून माझ्या हातात ठेवल्या. एक वांगावर लावायचे मलम, आणि दुसरी मुलीच्या मुरुमांसाठी आणलेल्या गोळ्यांची पट्टी. "काकू, यावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा हो. दुकानातला पोरगा म्हणाला, काही नाही, विटॅमिनच आहे." माझी उमेद औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत गेली, म्हणून अशी बारीक अक्षरे माझ्याकडे येतात. चष्मा लावून वाचले. मलमात ट्रेटिनॉइन होते, गोळीत आयसोट्रेटिनॉइन. दोन्ही 'अ' जीवनसत्त्वाचीच भावंडे. म्हणजे दुकानातला मुलगा खोटे बोलला नव्हता. त्याने अर्धे मात्र सांगितले नव्हते. आणि ज्या मुलीसाठी गोळ्या आणल्या होत्या, तिचे लग्न तीन आठवड्यांवर आले होते.

त्या मुलीकडे मी पुन्हा येईन. आधी कातडीच्या कर्करोगाविषयी थोडे.

हा रोग गोऱ्या लोकांचा, आपल्याला त्याचे काय, असे पुष्कळजणींना वाटते. त्यात तथ्य आहे. आपल्या कातडीतले काळे रंगद्रव्य उन्हापासून आपले रक्षण करते, आणि त्यामुळे उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे ऑस्ट्रेलिया-अमेरिकेच्या मानाने फार कमी. (रंग उजळावा म्हणून आपण जी मलमे विकत आणतो ती या रक्षकालाच घालविण्यासाठी असतात, हे जाता जाता सांगते.) पण आपल्याकडे हा रोग दुसऱ्या वाटेने येतो. जुना भाजल्याचा व्रण, न भरणारी जखम, वर्षानुवर्षे एकाच जागी होणारे घर्षण, अशा ठिकाणी तो धरतो. काश्मिरात थंडीत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरतात, तेथे पोटाच्या व मांडीच्या कातडीला तो होतो. आणि आपल्या मुंबईतले थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात, कमरेला धोतर घट्ट आवळून नेसणाऱ्यांना कमरेच्या त्याच रेषेवर कर्करोग होतो, असे दाखवून दिले. त्याचे नावच पडले 'धोतराचा कर्करोग'.

मग लुगड्याचे काय? तेही पुढे आले. २००५ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयसमूहातील डॉक्टरांनी 'साडीचा कर्करोग' या नावाने काही रुग्णांची हकीकत छापली. आणि अगदी अलीकडे, २०२४ साली, वर्ध्याच्या व बिहारातील मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दिली. त्यांतली एक सत्तर वर्षांची. कुशीवर दीड वर्ष न भरणारा व्रण. दुसरी साठीच्या अखेरीची. तिने चाळीस वर्षे परकर न घालता लुगडे कमरेला कसून नेसले होते. तिचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. या दोन्ही स्त्रियांनी ती जागा आधी किती दिवस हळद लावून झाकली असेल, हे मला कोणी सांगायला नको. रबाळे, गोठिवली, तळवलीच्या जुन्या घरांतून आपल्या आज्या-सासवांनी लुगडी कशी कसून नेसली, ते आपण पाहिलेले आहे. नाडीचा काळा वळ तर येथे बसलेल्या निम्म्याजणींच्या कमरेवर असेल. तो वळ म्हणजे कर्करोग नव्हे, घाबरू नका. हा आजार विरळाच. पण त्या वळावर चीर पडून ती महिना-महिना भरत नसेल, कडा जाड झाल्या असतील, तर ती डॉक्टरांना दाखवायची. त्यावर कोणतेही जीवनसत्त्व खायचे नाही.

आता 'अ' जीवनसत्त्वाचा कातडीशी संबंध काय, तो पाहू. आपल्याला ते माहीत आहे डोळ्यांसाठी. रातांधळे होऊ नये म्हणून. अंगणवाडीत बाळाला नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर चमच्याने पाजतात ते हेच, एक लाख एककांचे. आणि पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाखांचे. पण १९२५ साली अमेरिकेत वोलबॅक आणि हाउ या दोघांनी पांढऱ्या उंदरांचे अन्न या जीवनसत्त्वाविना ठेवून पाहिले, तेव्हा डोळ्यांखेरीज निराळेच काही दिसले. श्वासनलिका, मूत्राशय, लाळग्रंथी यांच्या आतले मऊ ओलसर अस्तर नाहीसे होऊन त्या जागी कोरडे, खवल्यांचे, कातडीसारखे अस्तर आले होते. म्हणजे पेशींनी आपला धर्मच सोडला होता.

आपल्या कातडीत असे चालते: तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, वर येता येता केराटिन नावाच्या कठीण द्रव्याने भरतात आणि मरून गळून पडतात. अंघोळीच्या वेळी घासून निघतो तो मळ बराचसा हाच. तळाशी जन्मलेल्या पेशीने पुढे काय व्हायचे, केव्हा वाढायचे आणि केव्हा थांबायचे, हे तिला सांगणाऱ्यांपैकी एक म्हणजे 'अ' जीवनसत्त्व. आणि कर्करोगाची पेशी ती, जी थांबायचे विसरली. तेव्हा संशोधकांच्या मनात आलेला प्रश्न आपल्यालाही सहज सुचावा: विसरलेल्या पेशीला हे जीवनसत्त्व जास्त दिले, तर तिला आठवण होईल काय?

या बाबतीत एका बाईंचे नाव मला मुद्दाम घ्यावयाचे आहे. केंब्रिजच्या ऑनर फेल. कोंबडीच्या अंड्यातल्या सात दिवसांच्या गर्भाच्या कातडीचे तुकडे त्यांनी काचपात्रात जिवंत ठेवले आणि सर एडवर्ड मेलनबी यांच्याबरोबर त्यांत 'अ' जीवनसत्त्व भरपूर घातले. १९५३ साली त्यांनी प्रसिद्ध केले ते असे: ती कातडी कातडी होईनाच. कोरडी खवल्यांची न होता ती नाकातल्या आतल्या अस्तरासारखी ओली, चिकट स्राव पाझरणारी झाली. उणीव झाली तर ओले अस्तर कोरडे होते, आणि अति झाले तर कोरडी कातडी ओली होते! लवकरच त्यांच्याच प्रयोगशाळेत इल्झे लास्निट्स्की या बाईंनी उंदराच्या ग्रंथीचे तुकडे कर्करोगकारक रसायनात ठेवून, त्यांत होणारी बिघडलेली वाढ 'अ' जीवनसत्त्वाने रोखता येते, असे दाखविले. शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे हे तंत्र आपल्याकडे आणले तेही एका बाईंनीच. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या हाताखाली, परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात, भारतातली पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९७३ साली त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापिली, तिची वास्तू आपल्या वाशीला आहे. आपल्यापैकी कितीजणी तिच्यासमोरून भाजी घेऊन गेल्या असतील.

तेव्हा औषध तर हातात होते. मग नवे घडवायचे कशाला? कारण हे जीवनसत्त्व अति झाले की विष होते. १५९७ साली उत्तर ध्रुवाकडे अडकलेल्या डच खलाशांनी पांढऱ्या अस्वलाचे यकृत शिजवून खाल्ले. सर्व आजारी पडले आणि तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली. त्या यकृतात 'अ' जीवनसत्त्व अतोनात असते. 'ब' आणि 'क' जास्त झाले तर बहुतेक लघवीवाटे निघून जाते. 'अ' तसे जात नाही, ते यकृतात साठते. मग डोके दुखते, ओठ फाटतात, केस गळतात, हाडे ठिसूळ होतात, यकृत बिघडते. आणि उंदरांवरचे प्रयोग सांगत होते की, गाठ विरघळवायला जेवढे द्यावे लागते तेवढ्याने उंदीरही आजारी पडतो.

म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी ठरविले, गुण ठेवायचा आणि दोष काढायचा. हा रेणू डोळ्यांपुढे आणायचा तर एक पतंग आणा. वर एक कड्यासारखे डोके. त्याला लांब, नागमोडी शेपूट. आणि शेपटाच्या टोकाला एक लहानसा गोंडा. पॉल कॅरर यांनी १९३१ साली ही रचना शोधून काढली व त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९४६ साली हॉलंडमध्ये आरेन्स आणि व्हान डॉर्प यांनी टोकाचा गोंडा बदलून तेथे आम्ल बसविले. तेच ट्रेटिनॉइन, वहिनींच्या मलमातले. त्याच रेणूच्या शेपटाला एका ठिकाणी वाकविले की झाले आयसोट्रेटिनॉइन, मुलीच्या गोळीतले. अणू तेच, संख्या तीच, वाक तेवढा निराळा.

येथे आपल्या शेजारच्या ठाण्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पावसाळ्यात चहात आपण गवती चहा टाकतो, त्याचा जो लिंबासारखा वास येतो तो सिट्रल नावाच्या द्रव्याचा. या सिट्रलापासून पायरीपायरीने 'अ' जीवनसत्त्वाच्या पतंगाचे डोके तयार करता येते. गवती चहाच्या जातीच्या गवताचे केरळातले तेल घेऊन एके काळी ठाण्याच्या ग्लॅक्सोच्या कारखान्यात 'अ' जीवनसत्त्व बनत असे. मात्र चहात गवत जास्त टाकले म्हणून जीवनसत्त्व मिळत नाही, हे ध्यानात असू द्या. नाहीतर उद्यापासून घराघरांतून काढे सुरू व्हायचे.

आता या हकीकतीचा गाभा. स्वित्झर्लंडमधील बाझेल या गावी, रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत, वेर्नर बोलाग नावाचे डॉक्टर होते. त्यांनी एक फार साधी पण फार चांगली कसोटी बसविली. उंदराच्या पाठीवर डांबरातल्या कर्करोगकारक द्रव्यांच्या जातीचे एक रसायन लावायचे आणि मग पुन्हा पुन्हा जमालगोट्याचे तेल. हो, आपला जुलाबाचा जमालगोटा! ते तेल कातडीला सतत चाळवीत ठेवते. काही महिन्यांत पाठीवर चामखिळीसारख्या गाठी उठतात. त्यांतल्या काही पुढे कर्करोगात जातात. आता प्रत्येक नव्या रेणूला दोन प्रश्न विचारायचे: या गाठी निम्म्या करायला तुझी किती मात्रा लागते? आणि उंदीर आजारी पडायला किती लागते? दोन्ही आकड्यांत जितके अंतर जास्त तितका रेणू चांगला. सासुरवाडीच्या माणसाचा जसा गुणही सांगतात आणि लगेच त्याची किंमतही, तसे.

ट्रेटिनॉइनाच्या बाबतीत हे गणित वाईट निघाले. औषध चढण्यापूर्वी विष चढे. मग पतंगाचे डोके बदलून पाहिले, शेपूट बदलून पाहिले, गोंडा बदलून पाहिला. शेकडो रेणू झाले, पुढे त्यांची संख्या हजारावर गेली. त्यांतून डोक्याच्या जागी निराळे सुगंधी कडे बसविलेला एट्रेटिनेट नावाचा रेणू निघाला, आणि त्याचे गणित ट्रेटिनॉइनाहून सुमारे दहापट बरे होते. ज्या काळी संगणकावर रेणू रेखाटण्याची सोय नव्हती त्या काळी, काचेच्या भांड्यांनी आणि उंदरांच्या पाठीवरच्या गाठी पट्टीने मोजून, हे केले गेले. तपासणीच्या खोलीत आयुष्य काढलेल्या बाईला यापुढे हात जोडावेसे वाटतात. १९७६ साली अमेरिकेत मायकेल स्पॉर्न यांनी या सर्व कुटुंबाला 'रेटिनॉइड' हे नाव दिले, आणि रोग झाल्यावर धावण्यापेक्षा औषधाने तो होऊच न देण्याच्या कल्पनेलाही रूप दिले.

आपल्याकडेही अशा उंदरांवर काम झाले. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बिनकेसाळ उंदरांची एक जात होती. त्यांच्या उघड्या कातडीवर गाठी कशा उठतात याचा अभ्यास डॉ. रजनी भिसे व डॉ. सत्यवती सिरसाट यांनी केला. आणि १९९१ साली डॉ. सुमती भिडे यांनी सहकाऱ्यांसह, 'अ' जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या उंदरांना तंबाखूचा अर्क देऊन, त्यांना गाठी अधिक होतात असे दाखविले. ही संस्था २००२ साली परळहून खारघरला आली. आपल्या रबाळे स्थानकावरून पनवेलची गाडी धरली तर आपण तासाच्या आत तिच्या दारी असतो.

उंदरांचे झाले, माणसांचे काय? एक विलक्षण रोग आहे, झेरोडर्मा पिगमेंटोसम. ऊन लागून पेशीतल्या आनुवंशिक द्रव्याला रोज जी इजा होते ती तुम्हांआम्हां सर्वांची आपोआप दुरुस्त होते. या मुलांची होत नाही. लहानपणीच अंगभर ठिपके, आणि मग एकामागून एक कातडीचे कर्करोग. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच हा रोग होतो, म्हणून जवळच्या नात्यात लग्न झालेल्या घरी तो अधिक; मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडेही आहेच. अमेरिकेत क्रेमर या डॉक्टरांनी अशा पाच रोग्यांना दोन वर्षे आयसोट्रेटिनॉइन मोठ्या मात्रेने दिले. आधीच्या दोन वर्षांत या पाचजणांना मिळून १२१ गाठी झाल्या होत्या. औषधाच्या दोन वर्षांत झाल्या २५. हे १९८८ साली प्रसिद्ध झाले, आणि मला आठवते, आमच्या खोलीत तो आकडा एकमेकींना वाचून दाखविला गेला. गाठ होऊ न देणारी गोळी माणसाला मिळाली होती.

पण त्याच निबंधात पुढे आहे ते कोणी मोठ्याने वाचले नव्हते. औषधाचा त्रास फार होता, आणि दोन वर्षांनंतर ते बंद केले गेले. आणि बंद केल्यावर गाठी पुन्हा उठू लागल्या, औषध चालू असतानाच्या सरासरी साडेआठ पट वेगाने. म्हणजे औषधाने पेशीला थांबायची आठवण दिली, पण दोष घालविला नव्हता. आठवण देणारा गेला की पुन्हा विसर.

पुढे मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांवर पाहिले. त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते, त्यामुळे कातडीचे कर्करोग त्यांना फार होतात. हॉलंडमध्ये १९९५ साली एट्रेटिनेटच्या धाकट्या भावाने, ॲसिट्रेटिनने, सहा महिन्यांत फरक दाखविला: औषध घेणाऱ्या १९ पैकी दोघांना नवा कर्करोग झाला, नुसती गोळी घेणाऱ्या १९ पैकी नऊजणांना. अशा रोग्यांना आजही तज्ज्ञ हे औषध निवडून देतात. मात्र साध्या, पूर्वी कातडीच्या गाठी होऊन गेलेल्या माणसांवर, ९८१ जणांवर, कमी मात्रेचे आयसोट्रेटिनॉइन वापरून पाहिले (१९९२), तेव्हा काहीच उपयोग दिसला नाही. ट्रेटिनॉइनचे मलम लावून अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर प्रयोग झाला, तोही फोल ठरला. आणि फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना गाजरातले बीटा कॅरोटिन गोळीतून दिले, तर फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता १८ टक्क्यांनी वाढला (१९९४). ज्यांच्या घरी मिश्री लावली जाते त्यांनी हे ऐकून ठेवावे. केरळात तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर 'अ' जीवनसत्त्वाची मोठी मात्रा वर्षभर दिली. निम्म्याजणांचे चट्टे गेले, पण औषध थांबताच त्या बऱ्या झालेल्यांपैकी दोनतृतीयांशांचे परत आले. मिश्रीचा डबा चालू ठेवून वरून जीवनसत्त्वाची गोळी, हा हिशेब जमत नाही.

इतकी बुद्धिमान माणसे, इतके रेणू, मग गुण आणि दोष वेगळे का होईनात? याचे उत्तर १९८७ साली मिळाले. फ्रान्समध्ये पिएर शांबाँ आणि अमेरिकेत रोनाल्ड एव्हान्स यांच्या प्रयोगशाळांनी, पेशीच्या केंद्रातले ते कुलूप शोधून काढले ज्यात हा रेणू किल्लीसारखा बसतो. कुलूप उघडले की कितीतरी आनुवंशिक सूचना एकदम चालू किंवा बंद होतात. आणि तेच कुलूप कातडीच्या पेशीत असते, यकृतात असते, आणि गर्भात असते. आईच्या पोटात बाळाचे डोके कोठे, हृदय कोठे, कान कोठे, हे ठरविताना निसर्ग हीच किल्ली मोजून-मापून वापरतो. बाहेरून मूठभर किल्ल्या ओतल्या तर तेथे काय होईल, ते निराळे सांगायला नको. आयसोट्रेटिनॉइन १९८२ साली अमेरिकेत मुरुमांसाठी बाजारात आले, आणि पुढच्याच वर्षी व्यंग असलेल्या बालकांच्या वार्ता येऊ लागल्या: कान नसलेली किंवा खुरटलेली, हृदयात दोष असलेली, मेंदूची वाढ बिघडलेली. गर्भ राहिल्याचे बाईला कळायच्या आधीच, पहिल्या काही आठवड्यांत, हे होऊन गेलेले असते.

आता त्या मुलीकडे येते. लग्न तीन आठवड्यांवर, आणि ती रोज एक गोळी घेत होती, चेहरा फोटोत स्वच्छ दिसावा म्हणून. पट्टीवर गर्भवतीच्या आकृतीवर फुली मारलेली होती. वहिनींना ते चित्र 'गर्भपाताची गोळी नव्हे' अशा अर्थाचे वाटले होते! त्यांचा दोष नाही. ज्याने चिठ्ठी न मागता ती पट्टी दिली त्याने दोन वाक्ये बोलायची होती. मी वहिनींना त्याच संध्याकाळी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे पाठविले. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि शेवटच्या गोळीपासून निदान एक महिना गर्भ राहता कामा नये, असे मुलीला व जावयांनाही बसवून सांगितले. लग्न ठरल्या तिथीला झाले. चेहऱ्यावर चार मुरूम होते, फोटोवाल्याने ते पुसले.

आयसोट्रेटिनॉइनला एक महिना पुरतो. एट्रेटिनेट मात्र शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षे मुरून राहत असे. ज्याचे गणित दहापट बरे निघाले होते त्याचा हा दोष उंदरांच्या पाठीवर दिसला नव्हता. म्हणून त्याच्या जागी ॲसिट्रेटिन आले; तरी तेही घेतल्यावर तीन वर्षे मूल होऊ द्यायचे नाही, अशी सूचना आहे. या औषधांच्या काळात रक्तदानही करायचे नाही, कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीला दिले जाऊ शकते. मलमातून अंगात फार थोडे जाते, तरी दिवस असताना ते लावू नये असेच डॉक्टर सांगतात. वांगाच्या मलमात ट्रेटिनॉइनबरोबर स्टेरॉइडही असते. महिनोनमहिने लावले तर कातडी पातळ होते आणि तोंडावर लाल शिरा दिसू लागतात. २०१८ साली सरकारने अशी स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तो किती पाळला जातो, हे आपल्यापैकी ज्यांनी मलम आणले त्यांनाच ठाऊक.

तुम्ही विचाराल, मग 'अ' जीवनसत्त्व खायचे तरी कोठून? शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर, पपई, आंबा, दूध, अंडे. पालेभाजीतल्या द्रव्यापासून शरीर आपल्याला हवे तेवढेच 'अ' बनविते, म्हणून भाजीने कोणाला विष चढल्याचे उदाहरण नाही. फार तर खूप गाजरे खाल्ली तर तळहात पिवळे दिसतात. शेवगा तर आपल्या बहुतेकांच्या दारात आहे.

शेवटी एक काम. वर्ध्याच्या त्या डॉक्टरांनी निबंधात सुचविले आहे की, परकर सैल बांधावा. आपल्या शिवणवर्गात दर वर्षी परकर शिवतात, आणि प्रत्येकात बारीक सुती नाडी ओवतात. यंदा नाडीच्या जागी चार बोटे रुंद पट्टा आणि बाजूला दोन-तीन हुक लावून पाहावेत, अशी माझी शिवणवर्गाच्या ताईंना विनंती आहे. कापड थोडे जास्त लागेल. पहिल्या बारा परकरांचे मी देते. आणि माप घेताना ज्यांच्या कमरेवर न भरलेली चीर दिसेल त्यांना ताईंनी शिलाईच्या आधी माझ्याकडे पाठवावे. खारघरची गाडी कोणत्या वेळी आहे ते मला पाठ आहे.